फोन करणाऱ्याला कोण शिकवणार?

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शिकवणाऱ्याच्या. क्लचही तसाच, दोघांना वेगवेगळा. हे कळलं की लोक म्हणतात, मग तुम्हाला कशाची भीती? मी रायपूरच्या रस्त्यांवर उमेदीची सगळी वर्षं बायकांना गाडी शिकवली, आणि भीती वाटली नाही असा एक दिवस मला आठवत नाही. ब्रेक माझ्याही पायाखाली होता हे खरं. पण स्टिअरिंग तिच्या हातात, आणि तिचं लक्ष कुठं आहे ते मला तिच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागायचं. रस्त्यापेक्षा मी शिकणारीच्या डोळ्यांकडेच जास्त पाहिलं असेल.

मी मूळची आर्वीची. मिस्टर रेल्वेत, म्हणून लग्नानंतर रायपूरला आले. चौबे कॉलोनीत राहायला आलो तेव्हा गाडी चालवणारी बाई दिसली की लोक दुकानातून बाहेर येऊन बघायचे. मी शिकले, मग शेजारणीला शिकवलं, मग तिच्या नणंदेला, आणि असं करता करता रीतसर परवाना काढून गाडीवर पिवळी पाटी लावली. गुडघ्यांनी नकार दिला तेव्हा बंद केलं. आता इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची मंडळी म्हणतात, काकू, तुमच्या गमतीजमती लिहा.

गमतीही आहेत, नाही कशाला म्हणू. पंडरीच्या कपडा मार्केटमधल्या एका होलसेल दुकानाचे सेठजी बायकोला शिकवायला घेऊन आले आणि तिच्याआधी स्वतःच शिकायला बसले, कारण त्यांचा ड्रायव्हर काम सोडून गेला होता. सदऱ्याच्या दोन खिशांत दोन फोन. मी बंद करायला सांगितलं तर म्हणाले, “मॅडम, हाथ तो दोनों स्टेरिंग पे हैं. बात तो मुँह से कर रहा हूँ.” स्पीकर लावून सुरतच्या व्यापाऱ्याशी साडीच्या रंगावरून त्यांची हुज्जत चालू होती. मी म्हटलं, ठीक आहे, दुकानापर्यंत चला. सेठजी पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, आपल्याच दुकानासमोरून सरळ पुढं निघून गेले. मुनीम पायरीवरून हात हलवत होता, तो त्यांना दिसला नाही. पाटीवर त्यांच्या वडिलांचं नाव होतं, तेही दिसलं नाही. पुढच्या वळणावर मी गाडी थांबवली आणि विचारलं, सेठजी, दुकान किधर है? ते कितीतरी वेळ मागं वळून बघत राहिले. मग दोन्ही फोन बंद करून माझ्या हातात दिले.

ही गोष्ट मी प्रत्येक नव्या बॅचला सांगायची. सगळ्या हसायच्या. मग मी कायदा सांगायची. मोटार वाहन कायद्यात, हातात फोन धरून गाडी चालवणं हे धोकादायक चालवण्याच्या कलमात बसतं. नुसतं चालान कटून सुटका होईलच असं नाही. कैदही होऊ शकते, लायसन्सही निलंबित होऊ शकतं. दुचाकीलाही तोच नियम. रस्ता बघण्यापुरता फोन वापरता येतो, पण लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं. बायका हे सगळं लिहून घ्यायच्या. पण सेठजींच्या दोन्ही हातांत स्टिअरिंगच होतं ना. कायद्याच्या नजरेत त्यांचं काही फारसं चुकत नव्हतं, आणि तरी दुकान मागं राहिलंच. आणखी एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. गाडी चालवणाऱ्याच्या फोनबद्दल कायदा बोलतो; फोन लावणाऱ्याबद्दल कुठंच एक अक्षर नाही. ती मला मृणालमुळे कळली, आणि हा लेख खरं म्हणजे तिच्याबद्दलच आहे.

मृणाल नागपूरची. नवरा अभय, मूळ यवतमाळकडचा, नव्या रायपुरात एका सरकारी कार्यालयात नोकरीला. घरात अभयची आई, कुसुमताई. त्यांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून तीनदा पचपेडी नाक्याकडच्या एका खाजगी दवाखान्यात डायलिसिसला न्यावं लागायचं. अभय ऑफिसच्या बसनं सकाळी जाई तो संध्याकाळी येई. रोज किती सुट्ट्या काढणार? ऑटोत बसलं की कुसुमताईंना उलट्या व्हायच्या. घरची गाडी अंगणात उभी. म्हणून मृणालनं गाडी शिकायचं ठरवलं. हौस म्हणून शिकणाऱ्या आणि गरज म्हणून शिकणाऱ्या यांच्यात मला पहिल्या दिवशीच फरक कळतो. गरजेवाली आरशात स्वतःला बघत नाही.

तिचा हात चांगला होता. क्लच लवकर जमला, चढावर गाडी मागं जाऊ द्यायची नाही. अडचण एकच. तिचा फोन वाजायचा, आणि वाजला की तिच्या सगळ्या अंगाला कळायचं. खांदे वर जायचे, पाय ॲक्सिलेटरवर कडक व्हायचा. मी नियम म्हणून फोन पर्समध्ये ठेवायला लावायची, पण ती तो हळूच मांडीवर ठेवायची, ओढणीखाली.

एका सकाळी आम्ही तात्यापाऱ्यातून जयस्तंभ चौकाकडं जात होतो. तो रस्ता रुंद होणार हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकून राहिले. एकीकडून ई-रिक्षा, दुसरीकडून हातठेले, मधून सगळं शहर. मांडीवरचा फोन वाजला. मृणालचे डोळे खाली गेले, आणि त्याच वेळी ठेल्याच्या आडून एक म्हातारी बाई थैली घेऊन रस्त्यात उतरली. मी ब्रेक दाबला. गाडी गचका खाऊन बंद पडली. म्हातारीनं बॉनेटवर हात टेकवला, आमच्याकडं पाहिलं आणि पलीकडं निघून गेली. मागच्या स्कूटरवाल्यानं शिव्या दिल्या.  आणि मृणालनं काय केलं? फोन उचलला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “हो, ठीक आहे मी. क्लासमध्येच आहे.”

मी तिला गाडी कडेला घ्यायला लावली. रागावणार होते, पण तिचा चेहरा बघून रागावता आलं नाही. तिनं हळूहळू सांगितलं. अभयचे वडील तो कॉलेजात असताना मोटरसायकलनं ड्युटीवर निघाले आणि वाटेतच अपघातात गेले. घरी संध्याकाळपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं. पोळ्या करून झाकून ठेवल्या होत्या. तेव्हापासून घरातलं कुणीही बाहेर गेलं की ते पोहोचल्याचं कळेपर्यंत अभयला चैन पडत नाही. फोन उचलला नाही तर तो पुन्हा लावतो, मग पुन्हा. ओरडत नाही, चिडत नाही, पण संध्याकाळी घरी येतो तेव्हा त्याचा चेहरा आजारी माणसासारखा दिसतो. “म्हणून मी उचलून टाकते, काकू,” ती म्हणाली. “दोन शब्दांचं तर काम असते.”

मी तिला सांगितलं, तुला टेस्ट मी तुझ्या नवऱ्याला भेटल्याशिवाय देऊ देणार नाही.

अभय रविवारी आला. सरळ, सभ्य माणूस, खुर्चीच्या अगदी कडेवर बसणारा. मी त्याला तात्यापाऱ्याची गोष्ट सांगितली तर त्याचा रंगच उडाला. मला वाटलं, झालं काम. तर तो म्हणतो, “पण मॅडम, मग तर मला कळायलाच पाहिजे ना, ती ठीक आहे का?” इतक्या वर्षांत मी नवशिक्यांना हजार गोष्टी समजावल्या, पण ह्याला कसं समजावू ते सुचेना. त्याची काळजी खरी होती, आणि तीच तिला मारायला निघाली होती. शेवटी असं ठरलं, की निघताना मृणाल ‘निघाले’ असा मेसेज टाकेल, गाडी बंद केल्यावर ‘पोहोचले’ असा. मधल्या वेळात फोन पर्समध्ये, पर्स मागच्या सीटवर. वाजला तरी उचलायचा नाही, कुणाचाही असो. तिला मी माझ्यासमोर हे म्हणायला लावलं. त्यालाही विचारलं, तू मध्ये फोन करणार नाहीस ना? तो म्हणाला, कोशिश करीन.

मृणालला लायसन्स मिळालं. कुसुमताई तिच्या शेजारी बसून डायलिसिसला जाऊ लागल्या. अधूनमधून मला भाजीबाजारात भेटायची तेव्हा सांगायची, की अभय आता बराच सुधारला आहे, कधीतरी एखादा फोन करतो, पण ती उचलत नाही आणि नंतर तोही काही म्हणत नाही.

मग एके दिवशी सकाळी तिचा मला फोन आला. “काकू, तुम्ही येता काय?” एवढंच. मग आवाज गेला, मग पुन्हा आला. अभय पडला होता.

झालं होतं ते असं. त्याची ऑफिसची बस चुकली, म्हणून तो मोटरसायकलनं निघाला. मृणाल कुसुमताईंना घेऊन आधीच निघाली होती आणि तिनं नेमाप्रमाणे ‘निघाले’ टाकलं होतं. नव्या रायपूरच्या मोठ्या रस्त्यावर अभयनं तिला फोन लावला, हेल्मेटात फोन खुपसून, आपल्याकडं अर्धं गाव लावतं तसा. तिनं उचलला नाही. त्यानं पुन्हा लावायला एका हातानं फोन बाहेर काढला, त्याच्याकडं बघितलं, आणि गाडी डांबर सोडून कडेच्या मुरमात उतरली. कुणी धडक दिली नाही, कुणी आडवं आलं नाही. रस्त्याकडेला उसाच्या रसाचा ठेला लावणाऱ्या माणसानं हे सगळं पाहिलं. त्यानं ॲम्ब्युलन्स बोलावली. पडलेल्या फोनवर मृणालचा नंबर उघडाच होता. तो त्यावर फोन करत राहिला. ती सगळा वेळ मागच्या सीटवर वाजणाऱ्या पर्सकडं न बघता गाडी चालवत होती.

दवाखान्यात पोहोचून, सासूला मशीनला लावून तिनं गडबडीत राहून गेलेलं ‘पोहोचले’ लिहायला फोन काढला, तर इतके मिस कॉल. उलट फोन केला तर परका आवाज. तो चिडलेलाच होता. “कब से लगा रहा हूँ दीदी. भैया गिर गए हैं. उठाते काहे नहीं?”

मी तिला सांगितलं, गाडीला हात लावू नकोस, जिथं आहेस तिथं बस. मी येते. रिक्षा करून गेले. ती दवाखान्याच्या दारात उभी होती, किल्ली मुठीत. आत कुसुमताई मशीनवर. रक्त नळ्यांतून फिरत असताना मधूनच उठवून नेता येत नाही, आणि सांगावं तरी कसं? नर्सला विश्वासात घेतलं आणि त्यांना काही न सांगता आम्ही अभयला नेलं होतं त्या हॉस्पिटलकडं निघालो. मी चालवत होते. मृणालच्या हातातला फोन वाजत होता, तिला तो उचलायचा धीर होईना; मग माझ्या पर्समधलाही वाजायला लागला. मला माहीत होतं की तो तिच्याच घरच्या कुणाचा तरी असणार, कदाचित अभयची काही खबर असेल. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेली गोष्ट त्या वेळी मला किती जड गेली ते मीच जाणते. सिग्नलला थांबलो तरी मी पर्सकडं हात नेला नाही. मृणालनं वाटेत एकच विचारलं, “मी उचलायला पाहिजे होता काय?” मी समोर बघत म्हटलं, आता बोलू नकोस.

अभय शुद्धीवर होता. मांडीचं हाड मोडलं होतं, खांद्याचंही. हेल्मेटला भेग गेली होती, डोकं वाचलं होतं. ऑपरेशन करावं लागणार होतं. आम्हाला बघून त्यानं पहिला प्रश्न आईबद्दल विचारला, मग डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले तेव्हा वऱ्हांड्यात अभयची मोठी बहीण वैशाली बसली होती. दुर्गहून आली होती. शेजारी चाकाच्या खुर्चीत कुसुमताई, डोळे मिटून. मृणाल भिंतीला टेकून उभी. वैशाली वाईट बाई नाही. आधी बाप गेला, आता भाऊ असा पडलेला. ती हलली होती. पण बोलली ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. म्हणाली, “पहिल्याच वेळी उचलला असता तर त्यानं दुसऱ्यांदा लावलाच नसता. सरळ ऑफिसात पोहोचला असता.” मग माझ्याकडं वळून म्हणाली, “तुम्हीच शिकवलं ना तिला, कुणाचाही फोन उचलू नको म्हणून?”

मी हो म्हटलं.  तिचं म्हणणं तसं पाहिलं तर बरोबर होतं. मृणालनं तो पहिला फोन उचलला असता, तर अभयनं हेल्मेटातून फोन काढलाच नसता. मी ही गोष्ट किती बाजूंनी फिरवून पाहिली, अजूनही पाहते. ती चुकीची आहे असं मला म्हणता येत नाही. आणि माझं शिकवणं चुकलं असंही म्हणता येत नाही. डब्याची पिशवी हातात धरून मी उभी राहिले.

कुसुमताईंनी डोळे उघडले. त्या फार कमी बोलायच्या. आजारानं आवाजही बारीक झाला होता.

“मी होती गाडीत,” त्या म्हणाल्या.

वैशाली काहीतरी म्हणायला गेली. त्यांनी हात वर केला.

“फोन वाजून राहिला होता. मीच म्हणलं, उचल वं, अभय असन. एकदा म्हणलं, दोनदा म्हणलं. हिनं नाही उचलला. मले राग आला. दवाखाना येऊस्तोवर मी हिच्याशी बोलली नाही.” त्या दम घ्यायला थांबल्या. “हिनं उचलला असता अन् त्या ठेलेवाल्यानं सांगितलं असतं का तुझा नवरा पडला, तर गाडी कुठं गेली असती? मी त्या गाडीत होती, वैशू.”



“अन् तो काय लहान हाय?” कुसुमताई म्हणाल्या. “गाडीवर बसून लावलाच काहून त्यानं? त्याले विचार तू. हिले नको विचारू.”

मृणाल तेव्हा पहिल्यांदा रडली. त्याआधी मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, त्या गाडीतल्या प्रवासातही नाही. वैशाली उठली, तिला आपल्या जागेवर बसवलं आणि पाणी आणायला गेली. यापलीकडं त्या दोघींमध्ये काय बोलणं झालं मला माहीत नाही. पण ऑपरेशननंतर वैशाली बरेच दिवस राहिली, आणि डायलिसिसच्या दिवशी मृणालच्या शेजारी गाडीत बसून जायची, हे मी पाहिलं.

अभयला उभं राहायला वेळ लागला. पायात सळई, मग वॉकर, मग काठी. पोलिसांनी विचारपूस केली. दुसरं कुणी गुंतलेलं नव्हतं, त्यानं होतं तसं सांगून टाकलं. मी त्या काळात बऱ्याचदा त्यांच्याकडं गेले, पण फोनचा विषय कुणी काढत नसे. त्या घरात कुणाचाही फोन वाजला की सगळे क्षणभर थांबायचे, एवढं मात्र दिसायचं.

मागच्या महिन्यात दोघं आमच्याकडं आले. मृणालनं त्याला फाटकाशी उतरवलं आणि गाडी लावायला जागा बघत पुढं गेली. आमच्या गल्लीत आता घरांपेक्षा गाड्या जास्त. तो काठी टेकत आत आला, खुर्चीवर बसला. या वेळी तो टेकून बसला. आम्ही दोघंच होतो, आणि हा लेख माझ्या डोक्यात घोळत होता, म्हणून मी विचारलंच. म्हटलं, अभय, वाईट वाटून घेऊ नकोस, पण त्या दिवशी इतकं काय निघालं होतं रे, की दुसऱ्यांदा लावलास?

 तो म्हणाला, “सगळेच विचारतात, काकू. डॉक्टरनं विचारलं, ऑफिसवाले विचारतात. मी सांगून देतो, आईच्या रिपोर्टचं विचारायचं होतं.”

“आणि खरं?”

बाहेर मृणाल गाडी मागं घेत होती. आरशात बघून, मान वळवून, पुन्हा आरशात बघून. अभय खिडकीतून तिच्याकडं बघत राहिला, गाडी बंद होईपर्यंत.

“हळू चालव,” तो म्हणाला. “एवढंच सांगायचं होतं तिला.”